हातगुण नक्की कोणाचा?

परवा रात्री साडेदहाला नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकांचा फोन. माझी त्यांची ओळख नाही. "वहिनी, सॉरी हं, उशीर झाला," म्हणाले आणि लगेच पुढचं वाक्य, "तुम्हाला गुण कोणाचा आला हो?" एमआरआय हातात होता त्यांच्या, मागून बायकोचा आवाज येत होता की पत्ता पण विचारून घ्या. गेल्या सव्वा वर्षातला हा आठवा की नववा फोन असेल. मणक्याची गादी सरकलेली बाई परत चालतेय असं कळलं की लोक नंबर मागतात, कायरोवाल्याचा (म्हणजे हाताने मणक्यांवर उपचार करणाऱ्या कायरोप्रॅक्टरचा), वैद्याचा, सर्जनचा, कोणाचाही. म्हणून म्हटलं एकदाच सगळं लिहून काढते, पुढच्याला सरळ लिंक पाठवता येईल.

तर दोष गोधड्यांचा. ठाण्यात थंडी ती काय पडते, पण डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात दोन रात्री पंखा बंद करावा लागला आणि सासूबाई म्हणाल्या गोधड्या काढ गं. आमच्या गोधड्या दिवाणात. ज्यांच्याकडे दिवाण आहे त्यांना माहितीये, वरची गादी गुंडाळायची, मग ते प्लायचं झाकण एका हाताने आणि अर्धं डोक्याने तोलून धरायचं आणि दुसऱ्या हाताने खाली वाकून, अर्धं वळून, तळाची गोधडी ओढायची, कारण जी हवी असते ती कायम तळालाच असते. ओढली. कंबरेत आतल्या आत काहीतरी टचकन झालं. वाटलं उसण भरली, शेक घेतला, बाम चोळला, झोपले. सकाळी ब्रश करताना बेसिनवर वाकलेली असताना शिंक आली आणि त्या शिंकेने काम झालं. डाव्या कुल्ल्यापासून मांडीच्या मागून, पोटरीतून, थेट करंगळीपर्यंत कळ गेली. बेसिन दोन्ही हातांनी धरून तशीच उभी, तोंडात पेस्टचा फेस, थुंकायला वाकता येईना. शेवटी नवऱ्याने तोंडापुढे मग धरला. एकोणीस वर्षांच्या संसारात हे पहिल्यांदा.

पहिला उपचार अर्थातच पायाळू. तळमजल्यावर एक काकू आहेत, सत्त्याहत्तर वर्षांच्या, त्या पायाळू म्हणजे जन्माला येताना पाय आधी आलेल्या, आणि पायाळू माणसाने पाय लावला की उसण जाते हे आमच्याकडे सासूबाईंपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना मान्य. माझी चालण्याची सोय नव्हती म्हणून काकूच लिफ्टने वर आल्या. मी पालथी, त्या भिंतीला धरून उभ्या, पायातलं मोज्यासारखं काहीतरी काढलं आणि डाव्या पायाचा अंगठा माझ्या कंबरेला तीनदा टेकवला. लाथबिथ काही नाही, मांजर पाय ठेवतं तेवढंच. अंगठा गार होता. तीन दिवस सकाळी येऊन त्यांनी हे केलं, चहा घेतला, पैसे विचारल्यावर म्हणाल्या, "पैसे घेतले की गुण जातो." सगळ्या प्रवासात मला जराही त्रास न देणारा आणि एक रुपयाही न घेणारा उपचार हा एकच, हे आधीच सांगून ठेवते.

चौथ्या दिवशी पाय परत तसाच. मग हाडांचे डॉक्टर. तोवर लोकांचं निदान सुरू होतं, कोणी म्हणे गॅप आलाय, कोणी म्हणे नस दबलीये, कोणी म्हणे चकती सटकली. (गादी काढताना गादी सरकली हा विनोद आमच्या घरातल्या प्रत्येकाने स्वतंत्रपणे शोधून मला ऐकवलेला आहे, कृपया तुम्ही करू नका.) डॉक्टरांनी पेनकिलर, प्रेगाबालिन (नसेच्या दुखण्याची गोळी), कंबरेचा पट्टा, आणि दोन आठवडे पूर्ण बेड रेस्ट सांगितली. दोन आठवड्यांनी फरक नाही तर एमआरआय. साडेसहा हजार. रिपोर्टमध्ये एल५-एस१ ला, म्हणजे कंबरेच्या सगळ्यात खालच्या गादीला, डावीकडे एक्सट्रूजन, म्हणजे गादीतला भाग बाहेर आलेला, नसेवर दाब. डॉक्टरांनी ती फिल्म खिडकीच्या उजेडात धरली, पायाला हात न लावता म्हणाले, ऑपरेशन, पुढच्या आठवड्यात करून टाकू. बिलिंग काउंटरवर आमच्याआधी इस्टिमेट पोचलेलं. त्या हॉस्पिटलचं नाव घेत नाही, पण बाहेर रिक्षात बसताना, म्हणजे आडवी होताना, मी भांडायच्या मनःस्थितीत होते एवढं खरं.

त्या रात्री शिकागोजवळ राहणाऱ्या दादाला फोन केला. तो म्हणाला, अगं ऑपरेशन काय, कायरोकडे जा, आमच्याकडे सगळे जातात. त्याच्या ऑफिसच्या इन्शुरन्समध्ये वर्षाला ठराविक व्हिजिट बसतात आणि तो मान आखडली, कंबर आखडली की गाडी काढून जातो, जसे आपण न्हाव्याकडे जातो. मला कायरोप्रॅक्टिक म्हणजे इन्स्टावरचे ते कडकट्ट आवाजाचे व्हिडिओ एवढंच माहिती. माणूस कुशीवर, वरचा गुडघा वाकवलेला, डॉक्टर अंगावर भार टाकून एक झटका देतो, कडाड्, आणि तो माणूस उठून हसतो. रात्री दोन वाजता झोप नसलेल्या माणसाला ते व्हिडिओ म्हणजे उपाशी माणसाला जिलेबीचे फोटो. मी शंभरेक बघितले असतील.

आणि वाचलंही, कारण झोप नव्हतीच. गंमत अशी की आज ज्या विद्येकडे जग कंबरेसाठी धावतं तिची सुरुवात कानापासून झाली. १८९५, अमेरिकेत आयोवा राज्यात मिसिसिपी नदीकाठी डेव्हनपोर्ट नावाचं गाव, तिथे डी. डी. पामर नावाचे गृहस्थ, डॉक्टर नव्हेत, आधी किराणा दुकान चालवलेलं आणि मग चुंबकीय उपचार करणारे. त्यांच्या बिल्डिंगमध्ये साफसफाई करणारा हार्वी लिलार्ड नावाचा माणूस, त्याला ऐकू कमी येत होतं. पामरनी त्याच्या पाठीतला एक उंच आलेला मणका दाबून बसवला आणि त्याला ऐकू यायला लागलं, असा दावा. तिथून पुढे पामरसाहेबांचं म्हणणं असं झालं की ९५ टक्के आजार मणका जागेवरून हलल्यामुळे होतात. आपल्याकडे पण असे ९५ टक्केवाले असतातच, कोणाचं सगळं पोटापासून, कोणाचं सगळं पित्तापासून. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनेने कायरोवाल्यांवर वर्षानुवर्षं अघोषित बहिष्कार टाकला होता, त्यावर काही कायरोप्रॅक्टर १९७६ मध्ये कोर्टात गेले आणि १९८७ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. म्हणजे तिकडे हे आता रीतसर प्रकरण आहे, चार वर्षांचं कॉलेज, लायसन्स, सगळं. इकडे नावापुढे डॉक्टर लावून बोर्ड टांगणारा चार वर्षं शिकलाय की चार वीकेंड, हे आपणच विचारायचं असतं. मी पहिल्यांदा विचारलं नाही.

पहिला कायरोवाला जवळच होता, एसी, पांढऱ्या भिंती, रिसेप्शनवर मोठा टीव्ही आणि टीव्हीवर तेच कडकट्ट व्हिडिओ. फॉर्म भरला. मी एमआरआयची पिशवी पुढे केली तर म्हणाले, "त्याची गरज नाही, मला हाताला कळतं." मला दोन्ही पाय सरळ करून झोपवलं, टाचा जोडून बघितल्या, म्हणाले डावा पाय आखूड झालाय, पेल्विस म्हणजे कुल्ल्यांचं हाड फिरलंय, बारा सिटिंगचं पॅकेज, चोवीस हजार, आज घेतलं तर वीस. आणि मग मानेला एक पट्टा लावून खेचायचा प्रकार दाखवला, म्हणे कंबरेचं मूळ मानेत असतं. दुखतंय पायात आणि हा माझी मान खेचणार. मानेला दिलेल्या झटक्याने क्वचित मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी आतून फाटू शकते आणि पक्षाघात होऊ शकतो, असं आदल्याच रात्री वाचलं होतं. क्वचित होतं, मान्य, पण कंबरेच्या दुखण्यासाठी मानेत धोका का पत्करायचा? मी म्हटलं मला बाथरूमला जायचंय आणि तिकडून परस्पर रिक्षा केली. नवरा बिचारा आत बसलेला, त्याने पंधराशे कन्सल्टेशन भरले.

मग मधला आठवडा दीड आठवडा वैद्यांचा. आयुर्वेदात सायटिकाला, म्हणजे कंबरेतून पायात जाणाऱ्या या कळेला, गृध्रसी म्हणतात, गृध्र म्हणजे गिधाड, म्हणजे रोगी गिधाडासारखा चालतो, आणि आरशात बघितलं तर अगदी तंतोतंत, एका बाजूला कललेली, मान पुढे, पाय फेकत. दोन हजार वर्षांपूर्वी कोणीतरी नीट बघितलेलं होतं हे. वैद्यबाईंनी कटिबस्ती केली. उडदाच्या पिठाची कणीक मळून कंबरेवर गोल पाळ बांधतात, आळं करतात तसं, आणि त्यात कोमट तेल ओतत राहतात, गार झालं की कापसाने टिपून परत गरम. ते उडदाच्या ओल्या पिठाचा आणि तेलाचा वास, खाली पडलेली मी, बाहेर कुकरची शिट्टी, मला तीन आठवड्यांत पहिल्यांदा दिवसाढवळ्या झोप लागली. कंबरेचे आखडलेले स्नायू सैल व्हायचे. पायातली कळ घरी पोचेपर्यंत परत. पण त्या झोपेसाठी मी सात दिवस गेले आणि मला त्याचं काही वाईट वाटत नाही.

पाचव्या आठवड्यात नवऱ्याच्या मावसबहिणीने एका स्पाइन सर्जनकडे पाठवलं, दुसरं मत म्हणून. या माणसाने फिल्म बाजूला ठेवली आणि आधी मला उठवलं. टाचांवर चाला. चालले. चवड्यांवर चाला. उजवा पाय ठीक, डावी टाच उचललीच जाईना, मला तोवर माहितीच नव्हतं. छोट्या हातोडीने टाचेच्या मागे टकटक, उजवं पाऊल उडालं, डावं ढिम्म. टाचणीने पायाची बाहेरची कड टोचली, बोथट. मग दार लावून घेतलं आणि विचारलं, लघवी अडकते का, कळते का, संडासवर ताबा आहे का, आणि पुसताना हात लागलेला कळतो का. हा शेवटचा प्रश्न ऐकून मी लाजले तर ते म्हणाले, "लाजू नका, या एका प्रश्नावर मी आज रात्री ऑपरेशन करतो किंवा करत नाही." कंबरेच्या खाली नसांचा जो झुपका असतो तो सगळाच दाबला गेला तर बसायची जागा बधिर होते, लघवी तुंबते, आणि मग दिवस मोजायचे नसतात, तास मोजायचे असतात. माझं तसलं काही नव्हतं.

मग त्यांनी रिपोर्टच्या पाठीमागे चित्र काढलं आणि गणपतीच्या भाषेत समजावलं. दोन मणक्यांमध्ये जी गादी असते ती म्हणजे उकडीचा मोदक, बाहेर पारी, आत सारण. गादी सरकत वगैरे काही नाही, ती मणक्यांना घट्ट चिकटलेली असते. पारीला मागच्या बाजूने चीर पडते आणि सारण बाहेर येतं, आणि नेमकी तिथूनच नस जाते. माझी जी नस सापडली होती ती एस१, म्हणून पोटरी, टाच आणि करंगळी. वरची एल५ सापडली असती तर अंगठा आणि पाऊल वर उचलायची ताकद गेली असती. नुसता दाबच नाही, त्या सारणाने नस सुजते, चिडते, कळ जास्त करून त्याची. हे गादीचं आणि सायटिकाचं नातं १९३४ मध्ये बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोघांनी पक्कं मांडलं, त्याआधी लोक भलत्याच गोष्टींना दोष देत होते. म्हणजे माझी आजी जन्मली तेव्हा हे कोणाला नीट माहिती नव्हतं.

आणि मग त्यांनी जे सांगितलं त्यावर माझा पहिल्यांदा विश्वासच बसला नाही. म्हणाले, तुमचं सारण जास्त बाहेर आलंय ही एका अर्थी चांगली गोष्ट आहे. बाहेर पडलेला तुकडा शरीराला परका वाटतो, रक्तातल्या पेशी येऊन तो खाऊन टाकतात. २०१५ मध्ये आधीचे बरेच अभ्यास एकत्र करून काढलेले आकडे असे, की तुकडा पूर्ण सुटलेला असेल तर ९६ टक्के लोकांत तो आपोआप आक्रसतो, माझ्यासारखं एक्सट्रूजन असेल तर ७० टक्के, नुसता फुगवटा असेल तर फक्त १३ टक्के. रिपोर्टमध्ये जितकं भयानक तितकं विरघळायची शक्यता जास्त. उलटा न्याय आहे. आणि त्याच वर्षीचा दुसरा मोठा आढावा सांगतो की काहीही न दुखणाऱ्या वीस वर्षांच्या पोरांचा एमआरआय काढला तरी ३० टक्क्यांमध्ये गादी फुगलेली दिसते, ऐंशीच्या लोकांत ८४ टक्के. आमच्या तळमजल्यावरच्या काकूंचा एमआरआय काढला तर रिपोर्ट माझ्यापेक्षा लांब येईल आणि त्या रोज मार्केटला चालत जातात.

"मग ऑपरेशन?" म्हटलं. ते म्हणाले, ताकद रोज कमी होत गेली तर लगेच, लघवीचं काही झालं तर त्याच रात्री, आणि दुखणं सहन होत नसेल, नोकरी जायची वेळ आली असेल, तर सहा-आठ आठवड्यांनंतर तुम्ही ठरवा, मी करून देईन. हॉलंडमधला अभ्यास सांगितला, २००७ चा, २८३ पेशंट, दीड ते तीन महिने पाय दुखणारे. अर्ध्यांना लवकर ऑपरेशन, अर्ध्यांना थांबा म्हणून सांगितलं. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांनी शेवटी ऑपरेशन करूनच घेतलं. ऑपरेशनवाल्यांचा पाय दुखायचा लवकर थांबला, पण वर्षाच्या शेवटी दोन्ही गट सारखेच, ९५ टक्के बरे. म्हणजे ऑपरेशनने वेळ विकत मिळतो. तो कोणाला परवडतो कोणाला नाही, रिक्षा चालवणाऱ्याचं गणित वेगळं आणि माझं वर्क फ्रॉम होमचं वेगळं. एक सर्जन समोर बसून मला ऑपरेशन न करायची आकडेवारी सांगतोय याचंच मला इतकं बरं वाटलं की मी तिथेच रडले.

बेड रेस्टबद्दल विचारलं तर हसले. हॉलंडमध्येच १९९९ मध्ये १८३ जणांवर बघितलं, दोन आठवडे झोपून राहिलेले आणि जमेल तसं चालत फिरत राहिलेले, बारा आठवड्यांनी दोन्हीकडे ८७ टक्क्यांना आराम. म्हणजे ते दोन आठवडे मी छतावरच्या पंख्याची पाती मोजली ती फुकट. प्रेगाबालिनचंही तेच, ऑस्ट्रेलियात २०१७ मध्ये २०९ लोकांवर औषध नसलेल्या नकली गोळीशी तुलना करून बघितलं, पायदुखीत फरक नाही आणि चक्कर मात्र जास्त. मला चक्कर येतच होती, मी पेनकिलरला शिव्या घालत होते. (एकदम बंद करायची नसते ती, त्यांनी हळूहळू कमी करून दिली.) पट्ट्याबद्दल म्हणाले, प्रवासात लावायचा तर लावा, त्याने बरं काही होत नाही. पट्टा आता दाराच्या मागे छत्रीशेजारी लटकतोय.

कायरोचं विचारायला मी घाबरत होते, डॉक्टर लोक चिडतात. हे चिडले नाहीत. म्हणाले, रोममध्ये एक अभ्यास झाला होता, २००६ साली छापून आला, १०२ लोक, गादी फुगलेली आणि पाय दुखणारे, अर्ध्यांना खरे झटके, अर्ध्यांना झटक्याचं नाटक. खऱ्यावाल्यांत ५५ टक्क्यांची पायाची कळ पूर्ण गेली, नाटकवाल्यांत २० टक्क्यांची. म्हणजे अगदीच भोंदूपणा नाही. पण त्या लोकांची पारी फाटलेली नव्हती, तुमची फाटलीये, आणि तुमच्या पायातली ताकद कमी झालीये, त्यामुळे कंबर पिळून झटका नको. हळुवार काही करणार असेल तर जा. इंग्लंडची सरकारी गाइडलाइन पण असंच म्हणते, हाताने केलेले उपचार चालतील पण व्यायामाच्या जोडीला, एकटे नकोत, आणि वजन लावून ट्रॅक्शन, म्हणजे कंबर ताणणं, तर नकोच. ते ट्रॅक्शन अजून आपल्याकडे किती ठिकाणी लावतात बघा, माझ्या वडिलांना लावलेलं, विटा बांधून.

म्हणून मी दुसऱ्या कायरोप्रॅक्टरकडे गेले, अंधेरीला, यावेळी आधी फोनवर विचारून की कुठे शिकलात आणि एमआरआय बघता का. ती बाई बाहेर शिकून आलेली. तिने पण हातोडी काढली, चवड्यावर उभं केलं, फिल्म बघितली आणि पहिलंच वाक्य, "तुम्हाला मी कडकट्ट करणार नाही." मला उगाच वाईट वाटलं, एवढे व्हिडिओ बघून ठेवलेले. तिनेच सांगितलं की तो आवाज हाड जागेवर बसल्याचा नसतोच, सांध्यातल्या पाण्यात एकदम पोकळी तयार होते त्याचा असतो, बोटं मोडतो तोच. गादीला सांध्यासारखं पाणी नसतं, ती कडकट्ट वाजत नाही. तिच्याकडे एक टेबल होतं ज्याचा पायाकडचा अर्धा भाग खाली वर होतो, पालथं झोपवून ती एका हाताने कंबर धरायची आणि दुसऱ्या हाताने टेबल सावकाश खाली न्यायची, वर आणायची, पाळणा हलवल्यासारखं. दहा मिनिटं. उठल्यावर पाय हलका. दोन दिवस हलका, तिसऱ्या दिवशी परत. चार वेळा गेले. पंचवीसशे एका वेळेचे आणि जाण्यायेण्याची ओला वेगळी, आणि त्या ओलातले खड्डे. पाचव्या वेळी तीच म्हणाली, याहून जास्त माझ्याकडून होणार नाही, व्यायाम वाढवा. पॅकेज न विकणारी माणसं पण असतात.

व्यायाम म्हणजे आमच्या नाक्यावरची फिजिओ, सत्तावीस वर्षांची मुलगी, मला काकू म्हणते (मी त्रेचाळीसची आहे, असो). तिने पहिल्या दिवशी काय करायला लावलं तर पालथं झोपा, कोपरांवर या, टीव्ही बघतात तसं. मी म्हटलं एवढंच? त्यावर तिने गोष्ट सांगितली, न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनला रॉबिन मॅकेन्झी नावाचा फिजिओ, १९५६ साल, त्याचा एक पेशंट चुकून डोक्याकडून वर उचललेल्या टेबलावर पालथा पडला, कंबर मागे वाकलेली, आणि पाच-दहा मिनिटं तसाच पडून राहिला. मॅकेन्झी परत येऊन बघतो तर घाबरलाच, पण पेशंट म्हणे पाय थांबला. त्या चुकीतून सगळी पद्धत निघाली. सगळ्यांना मागे वाकून बरं वाटत नाही, कोणाकोणाचं वाढतं, त्यामुळे आधी कोणाकडून तरी बघून घ्यायचं. माझं कमी झालं.

आणि इथे मला सर्वात उपयोगी पडलेली गोष्ट कळली. दहाव्या दिवशी कंबर इतकी दुखायला लागली की मी रडत तिला फोन केला, म्हटलं वाट लावलीस माझी. ती शांतपणे म्हणाली, "काकू, पोटरी?" पोटरीत नव्हतं. "करंगळी?" नव्हतं. कुल्ल्यात? थोडं. "अभिनंदन," म्हणाली. दुखणं पायातून वर सरकत कंबरेत गोळा झालं की नस सुटायला लागलीये, कंबर जास्त दुखली तरी चालेल, आणि उलट कंबर थांबून पाऊल दुखायला लागलं तर ते वाईट. हे मला पहिल्या दिवशी कोणी सांगितलं असतं तर किती रडणं वाचलं असतं.

आठव्या आठवड्यात एक इंजेक्शन पण घेतलं, एक्स-रे मशीनखाली नसेजवळ स्टिरॉइड. रात्री अडीचला उठवणारी जी शेवटची कळ होती ती त्याने दाबली. सर्जन म्हणालेलेच, याने गादी बरी होत नाही, काही आठवड्यांची सूट मिळते, त्या सुटीत चालून घ्या.

मी चालले. आमच्या सोसायटीत ए विंगपासून गेटपर्यंत अकरा खांब आहेत. डिसेंबरात शून्य. जानेवारीच्या शेवटी दोन खांब, मग कट्ट्यावर बसणं नाही, कारण बसलं की जास्त, खांबालाच टेकून उभी. फेब्रुवारीत पाच. हे मी खरंच किराणाच्या वहीत मागच्या पानावरून लिहीत होते, तारीख, खांब, कुठे दुखलं. मार्चमध्ये अकरा खांब जाऊन येऊन. गुढीपाडव्याला वाकून रांगोळी नाही काढली पण श्रीखंड उभ्याने फेटलं. एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी तलावपाळीला एक अख्खी फेरी, मग मामलेदारची मिसळ, उभ्यानेच.

आता ती वही बघते तर गंमत आहे. पायाळू काकूंनंतर दोन दिवस बरं. कटिबस्तीनंतर बरं. टेबलानंतर दोन दिवस बरं. फिजिओनंतर, इंजेक्शननंतर बरं. आणि या सगळ्याखाली खांबांचा आकडा आपला सावकाश वर जातोय, कोणाकडे गेले तरी वर, आणि मधल्या ज्या आठवड्यात मुलाच्या परीक्षेमुळे कुठेच गेले नाही त्यातही वर. सासूबाईंनी सगळ्या नात्यात सांगितलंय की काकूंच्या पायाचा गुण. दादाने तिकडे सांगितलंय की कायरोने बरी झाली. वैद्यबाईंनी मला विचारून अनुभव लिहून घेतलाय. मी कोणालाच खोटं पाडत नाही. पण दुखणं सगळ्यात वर असताना आपण धावतो, आणि सगळ्यात वर असलेलं दुखणं तसंही उतरणारच असतं, मग त्या आठवड्यात जो समोर बसलेला असतो त्याचा हातगुण. त्यातल्या त्यात मला विचाराल तर व्यायाम आणि चालणं याला मी जरा जास्त मार्क देईन, कारण ते अजून चालू आहे, आणि त्या सर्जनना, ज्यांनी थांबा म्हणायचे आठशे रुपये घेतले.

डावी टाच अजून हातोडीला उडत नाही. डावी पोटरी मोजली तर उजवीपेक्षा बोटभर बारीक. चवड्यांवर मात्र उभी राहते आता, वरच्या फळीवरचा डबा काढते. गोधड्या मुलगा काढतो, मी शेजारी उभी राहून सांगते कुठली.

तर ते साडेदहाचे गृहस्थ. मी नंबर दिला नाही, आधी विचारलं, लघवीला काही त्रास? नाही. बसायची जागा बधिर? "नाही नाही वहिनी," आवाज पडला बिचाऱ्यांचा. म्हटलं फोन स्पीकरवर टाका आणि टाचांवर चालून दाखवा तुमच्या बायकोला. चालले. आता चवड्यांवर. पलीकडून बराच वेळ काही नाही, मग फरशीवर पावलं, एक, दोन, तीन, आणि त्यांची बायको मोठ्याने म्हणाली, "अहो डावी टाच टेकतीये तुमची."

म्हटलं उद्या सकाळी पहिलं काम, सर्जनकडे. आणि मग त्यांचा नंबर दिला.